राखणदाराला हाक

खोटं कशाला बोलू, मी देवाशी भांडले. ह्यांच्या स्वादुपिंडात गाठ निघाली, ती मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली, आणि औषधाने नि रेडिएशनने ती सुटली तरच ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी घरी जायच्या आधी मी आमच्या बोनकोडे गावच्या राखणदारापुढे उभी राहिले. शेंदूर फासलेला दगड, वर पत्रा. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, पहिला नारळ त्याचा. मी नारळ नेलाच नव्हता. म्हटलं, "राखनदार म्हनवतंस ना? मंग माझ्या घरात चोर शिरला तवा झोपला होतास काय?" आणि रोजचा दिवा बंद केला. माझी झोपही त्याच दिवशी उडाली.

हे तीस वर्षं एपीएमसी मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर राबलेले, पण आवाज कधी चढला नाही. मला म्हणायचे, "आगो, देवाला कनाला शिव्या घालतंस? मी हाय ना अजून." ते ऐकून मला जास्तच रडू यायचं.

औषधांच्या फेऱ्या संपल्या आणि शेक सुरू झाला. रेडिएशनला आमच्यात शेकच म्हणतात. ह्यांच्या पोटावर निळ्या शाईने खुणा केल्या आणि बजावलं, पुसू देऊ नका. चार दिवस नीट गेले. पाचव्या दिवशी चुलत सासूबाई राखणदाराचा अंगारा घेऊन आल्या. देवाशी अबोला असला तरी जीव राहतो थोडाच! मी तो खोबरेलात कालवला आणि ह्यांच्या पोटाला चांगला चोळून चोळून लावला. हात पुसताना पाहते तर बोटं निळी, आणि पोटावर खूण म्हणून एक शिल्लक नाही. मला ब्रह्मांड आठवलं. माझ्याच हाताने मी माझ्या माणसाचं वाटोळं केलं, असं वाटलं.

हॉस्पिटलात मशीनवर एक मुलगी होती, कामोठ्याहून यायची, मूळची मराठवाड्याची. ती ओरडणार म्हणून मी आधीच रडायला लागले. ती पोट बघून हसलीच. "मावशी, अंगारा ना? अहो, कपाळाला लावायचा! मी काही देवाबिवाला मानत नाही, पण कपाळावर असला तर माझ्या मशीनला काय प्रॉब्लेम नाही." मग म्हणाली, "टेन्शन घेऊ नका. परत मापं घेऊ. एक दिवस जाईल, बाकी काही नाही."

मापं होईपर्यंत मी बाकड्यावर बसून होते. काम आटोपून ती शेजारी टेकली. मी विचारलं, "शेकाने गाठ जळते ना गं?"

"जळते, पण तेवढंच नाही मावशी. आपल्या रक्तात राखणदार असतात. ही गाठ भोवती जाड कुंपण घालते, त्यांना बाहेर ठेवते, वर गुंगवते. शेकाने मरणाऱ्या पेशी जणू हाका मारतात. त्या ऐकून राखणदार उठतात, आत शिरतात."

"उठतातच?"

"सगळ्यांचे नाही. कधीकधी त्यांना गप्प करणारेपण त्याच हाकेने गोळा होतात. अजून शोध चाललाय. खोटं नाही सांगणार तुम्हाला."

राखणदार! पोलीस म्हणाली असती, शिपाई म्हणाली असती. माझ्या भांडणाचं तिला काय ठाऊक? अंगावर सर्रकन काटा आला. मी दगडाला झोपाळू म्हणत होते, आणि त्याने मला उत्तर दिलं तेही देव न मानणाऱ्या पोरीच्या तोंडून. ह्यात चमत्कार होता की योगायोग, मी वाद घालत नाही. मला उत्तर मिळालं, एवढं खरं.

शेक संपल्यावर काही आठवड्यांनी स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, "गाठ वाहिनीपासून सुटलीय. ऑपरेशन करू." औषधाने किती, शेकाने किती, अंगातल्या राखणदारांनी किती, हे आपल्यालाही सांगता येणार नाही, असंही म्हणाले. मी तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडले, मग धावत जाऊन त्या मुलीला मिठी मारली. तिच्या कपाळाला अंगारा लावायचा मोह मात्र आवरला.

ऑपरेशन अजून व्हायचंय. भीती आहेच. पण पूर्वी मी देवापुढे जायचे ती हुकूम सोडायला, आणि ज्याने राखायचं त्याच्यावरच पहारा ठेवायला. काल नारळ घेऊन गेले, दिवा लावला आणि काहीही मागितलं नाही. एवढंच म्हटलं, "बाबा, तू जागा हायस ना? मंग आज मी झोपतंय."

घरी आले, भर दुपारी ह्यांच्या शेजारी आडवी झाले, आणि किती महिन्यांनी मला गाढ झोप लागली.