पत्रिकेत थोरल्याचं नाव नाही

आधी मॅडमचं सांगतो, मग बाकीचं. आज मी माझ्या पायांवर उभा आहे तो त्यांच्यामुळं. त्या इथल्या एका मेडिकल कॉलेजात डॉक्टर होत्या, संशोधनही करायच्या. मी त्यांच्याच विभागात कंत्राटी शिपाई आहे. माझी शाळा सातवीला सुटली, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं गाव लांब, जतच्या पुढं. आम्ही धनगर. चिकलठाण्याच्या कंपनीत कामाला आलो, मुकुंदवाडीत खोली घेतली. शेळ्या व्यायच्या दिवसांत एकदा घरी जाऊन आलो आणि ताप धरला. यायचा, जायचा, परत यायचा. कंबर धरून गेली. कुणी टायफॉइड म्हणालं, कुणी टीबी. कंपनीनं काढून टाकलं. शेवटी या कॉलेजच्या दवाखान्यात आलो. मॅडमनी तेवढं विचारलं, "भाऊ, घरी जनावरं आहेत? दूध कच्चंच पिता?"

"व्हय, धारोष्ण. त्यानं ताकद येती."

"त्यानंच गेली तुमची."

रक्त तपासलं तर जनावरांकडून येणारा ताप निघाला. लई दिवस गोळ्या खाल्ल्या, उतरला. मग त्यांनीच मला इथं चिकटवलं.

पुढं त्यांच्यासंगं मी खूप हिंडलो. देवगाव रंगारीच्या वस्त्या, अजिंठ्याकडची गावं. त्या रक्त घ्यायच्या, मी माणसं धरून ठेवायचो. शेळ्या धरायची सवय होतीच. जिथं जातील तिथं एकच, दूध उकळा. बायांनी नाव पाडलं उकळीबाई. एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "उकळ उकळ म्हंतीस, सरपण काय तुजा बाप आणून टाकतो?" मॅडम हसल्या. पुढच्या खेपेला कॉलेजच्या गाडीत मागं सरपणाची मोळी होती.

त्या कामाचा पेपर छापून आला. त्यावर मॅडमचं नाव होतं आणि संगं हिंडलेल्या दोन पोरींचं. विभागप्रमुख सरांचं नव्हतं. आमच्याकडं लग्नाच्या पत्रिकेत जसं असतं, ज्यानं मांडवाच्या खांबाला हात लावला नाय त्याचंही नाव मोठ्या अक्षरांत घालावं लागतं, तशीच इथली रीत. विभागातून पेपर निघाला की त्यावर सरांचं नाव. मॅडमला काय ठाऊक नव्हतं असं नाय.

मी चहा घेऊन गेलो तेव्हा सर म्हणत होते, "मॅडम, घरातल्या थोरल्याला विसरलात."

"सर, एकदा वस्तीवर आला असतात तर पहिलं तुमचं घातलं असतं."

"मी इथं खुर्चीवर बसतो म्हणून तुम्हाला गाडी मिळते. मोळ्या वाहायला."

मी कप ठेवला आणि बाहेर आलो. मॅडमची बढती जवळ आली होती, आणि ती सरांच्या शब्दावर होती.

बढतीला काय बघतात ते आमच्या ऑफिसातल्या बाबूनं सांगितलं. "देख भाई, किती पेपर लिहिले ते एक. अन् बाकीच्यांनी आपल्या पेपरात त्यांचा हवाला किती वेळा दिला ते दुसरं. तेरी मॅडम का हवालाच कोई देत नाय."

"का नाय देत?"

"सर का नाराजी कोण घेईल?"

मला समजलं. आहेरासारखं आहे ते. तुम्ही माझ्या लग्नात टाका, मी तुमच्या टाकतो. सरांच्या गोतावळ्यातले एकमेकांचे हवाले देतात आणि सगळे मोठे होतात. मॅडमनी कुणाकडं काही टाकलं नव्हतं. उलट एक आख्खं वर्ष त्यांनी मराठीत पुस्तिका लिहिण्यात घालवलं, तालुक्याच्या डॉक्टरांसाठी. गावोगावचे डॉक्टर ती वाचून ताप ओळखायला लागले, पेशंट चिठ्ठ्या घेऊन आमच्याकडं यायचे. पण चिठ्ठी म्हणजे हवाला नव्हं. पुस्तिका यादीतच धरली नाय.

बढती दुसऱ्या डॉक्टरांना मिळाली. ते वस्तीवर कधी गेले नाहीत, पण त्यांच्या प्रत्येक पेपरावर सरांचं नाव आहे. मॅडमला सांगितलं, काम चांगलं आहे, प्रभाव कमी पडतो. प्रभाव! त्या म्हातारीच्या चुलीवर जाऊन बघा म्हणावं.

महिनाभरात त्यांची बदली झाली, पार विदर्भाच्या टोकाला. खोकी मी बांधली. मला म्हणाल्या, "भाऊ, तोंड का पाडलंय? मी मेले नाय."

"मॅडम, एक नाव घातलं असतं तर?"

"घालायला हवं होतं, असं मलाही रोज वाटतं," म्हणाल्या आणि खोक्यावरची दोरी ओढून बघितली.

आता मला इथं मॅडमचा माणूस म्हणतात. कंत्राट पुढं वाढतं का नाय, घोर लागलाय. हे लिहितोय तेही कुणाच्या मोजणीत येणार नाय.

आमच्या धनगरवाड्यावर माझी आई अजून कच्चंच दूध पिती, मला हसती. मॅडम, मी गावाकडं परत जाईन तेव्हा पहिली उकळी आईच्या चुलीवर आणीन, मग घरोघरी फिरीन. लोकांनी मला उकळ्या म्हटलं तरी चालंल. सगळ्या वाड्यानं ऐकलं की तुम्हाला न्यायला येईन. तुमचं एवढं तरी फेडीन, एक दिवस.