शालीखालचा हात

नऊ लेकरांच्या त्या बापाची आठवण झाली की आजही हसू येतं, आणि पाठोपाठ संताप येतो. पोलिसातली नोकरी मी मुदतीआधीच सोडली. आता गावोगाव पत्रकं वाटत हेच सांगत फिरतो, म्हणून इथंही सरळ लिहितो. देवाच्या नावावर आजाऱ्याचं औषध बंद करणारा माणूस गुन्हेगार असतो, मग त्याच्या गळ्यात क्रूस का असेना. मी स्वतः ख्रिस्ती आहे, त्यामुळे माझा राग दुप्पट.

घोडेगाव भागातल्या एका ठाण्याचा चार्ज तेव्हा माझ्याकडे होता. जनावरांच्या बाजाराचा दिवस म्हणजे ठाण्यात मारामाऱ्या आणि हरवलेल्या म्हशी. त्या गर्दीत एक बाई ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"तक्रार न्हाई द्यायची, साहेब. फकस्त माझ्या सासऱ्याला समजवा."

तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला फिट येत असे. गोळ्यांनी आजार आटोक्यात होता. मग वस्तीवर एक संदेष्टा आला. गोळी खाणं म्हणजे अविश्वास, असं त्यानं सांगितलं. सासरे चर्चच्या मंडळीतले मानाचे वडील. त्यांनी गोळ्या ओढ्यात टाकल्या. आठव्या दिवशी पोरगी चुलीपुढे पडली, हात भाजला.

"पुढच्या टायमाला हिरीवर पडली तर?" बाई म्हणाली.

तक्रार नाही म्हणून मी हात बांधून बसलो नाही. स्टेशन डायरीला नोंद केली आणि वस्ती गाठली. म्हातारा चाळीस वर्षं बाजारात म्हशींची दलाली केलेला, नजर पक्की.

"बाबा, विश्वास कशावर ठेवलात?"

"साहेब, त्यानं न इचारता सांगितलं, नातीला सात वरसं झाली फिट येतीया. आकडा बराबर. देवाबिगर कोन सांगंल?"

"म्हैस घेताना काय बघता?"

"दात बघतो. चालवून बघतो. दोन टायमाची धार काढून बघतो. मालकाच्या बोलन्यावर कोन जातंय?"

"आणि संदेष्टा घेताना काय बघितलंत?"



"टाय बघितला," सून आतून म्हणाली.

मी जबाब घेतात तसं एकेक विचारत गेलो. संदेष्टा कुठं उभा होता, डोळे उघडे की मिटलेले, हात कुठं होते?

"डोळे गच्च मिटल्याले. एक हात पोरीच्या डोक्यावर. दुसरा शालीखाली, त्याच्या मेव्हन्याच्या हातात. मेव्हना पराथनेला जोर..."

म्हातारा मध्येच थांबला. बाजारात दलाल भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरतात. जितकी बोटं धरली तितका आकडा. शेजारच्याला पत्ता लागत नाही. म्हातारा स्वतःच्या पंजाकडे बघत राहिला.

"आयला," तो म्हणाला. मग हळूच, "देवा, माफ कर."

मेव्हणा सभेआधी दोन दिवस घरोघर चहा पीत 'साक्षी लिहून घेत' फिरला होता, हेही मग सुनेला आठवलं. आजाऱ्याला संदेष्टा दुखण्याची वर्षं सांगायचा, धडधाकटाला लेकरांचा आकडा.

रविवारच्या सभेला आमचा बीट हवालदार साध्या कपड्यांत पुढं पाठवला, मी तसाच मागच्या रांगेत बसलो. वय चाळीस, स्थळं बघून दमलेला. वस्ती त्याला ओळखत होती, संदेष्टा नाही.

"साहेब, देवाच्या मांडवात खोटं बोलू?"

"तू काही बोलू नकोस. तो बोलेल."

हवालदार पुढं जाऊन गुडघे टेकून बसला. संदेष्ट्यानं डोळे मिटले. तेवढ्यात आमच्या शिपायानं मेव्हण्याच्या कानात सांगितलं, "टेम्पो आडवा लावलाय, काढा." तो गेला आणि ठरल्याप्रमाणे म्हाताऱ्यानं शालीखाली आपला हात सारला. आधी पाच बोटं धरली, मग चार.

"बंधू," संदेष्टा गंभीरपणे म्हणाला, "प्रभू मला तुझी नऊ लेकरं दाखवतोय."

हवालदारानं वळून माझ्याकडे बघितलं. "साहेब, माझं तर अजून लग्नच जमंना."

"पोलिसाचं काय सांगावं," मागून एक आजीबाई म्हणाल्या, "असतील."

म्हाताऱ्यानं शाल ओढली. "डोळे उघड. सौदा मोडला."

ठाण्यात संदेष्ट्याला धंदा विचारला. म्हणाला, "देवाचं काम."

"त्याआधी?"

बराच वेळ आढेवेढे घेतल्यावर कबूल झाला. दोघं मेव्हणे दुसऱ्या जिल्ह्यात बैलांची दलाली करत.

"ती का सोडलीस?"

"गिऱ्हाईक लई चिकित्सा करतं, साहेब. दात बघतं."

"आणि इथं?"

"इथं डोळे मिटून बसत्यात."

आता सुनेनं तक्रार दिली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आणि पहिला साक्षीदार म्हातारा. संदेष्ट्याइतकी नेमकी कबुली माझ्या नोकरीत दुसऱ्या कुणी दिली नाही. आत्म्यांची परीक्षा करा, खोटे संदेष्टे फार आहेत, असं आपलं बायबलच सांगतं. आपण मात्र परीक्षेला अविश्वास म्हणतो आणि भामट्याला खुर्ची देतो. प्रार्थनेला डोळे जरूर मिटा. पण तुमच्या डोक्यावर कुणी हात ठेवला, तर त्याचा दुसरा हात कुठं आहे ते आधी बघा.

पुढं एका पुरवणी जबाबासाठी वस्तीवर गेलो. म्हातारा नातीसमोर पाण्याचा तांब्या घेऊन बसला होता. तिनं गोळी गिळली.

"आ कर," तो म्हणाला आणि वाकून तिच्या जिभेखाली बघू लागला.

"आजा, मी काय म्हैस हाय का?"

"म्हैस असतीस," म्हातारा म्हणाला, "तर पयल्याच दिवशी नीट बघितलं असतं."