रविवारचीच डोकेदुखी

माझी वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा पडदे शिवायची. धुराड्याशी तिचा संबंध एवढाच, की हिवाळ्यात ती आमच्या फायरप्लेससमोर मशीन ओढून बसायची. धुराडी हा माझ्या वडिलांचा प्रांत. बाबा गवंडी होते. आमच्या थंड, डोंगराळ गावातल्या निम्म्या घरांतल्या फायरप्लेस त्यांनी बांधलेल्या, आणि थंडी सुरू व्हायच्या आधी त्या झाडून द्यायचंही काम त्यांच्याकडेच.

मग बाबांचे गुडघे गेले. शिडी चढणं बंद झालं. दादा बस चालवायचा, त्याला सवड नव्हती. मला उंचीची भीती. वहिनी म्हणाली, "मामंजी, तुम्ही खाली खुर्चीत बसून सांगा, मी वर जाते." बाबा आधी हसले. दुसऱ्या दिवशी ती त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेली. ते जे सुरू झालं ते चोवीस वर्षं चाललंय.

बाबांना वाटलं होतं, सुनेला ब्रश कसा फिरवायचा ते शिकवलं की झालं. पण वहिनी प्रश्नांची पोतडी घेऊनच आली होती. एकाच गल्लीत, एकाच वर्षी बांधलेली दोन धुराडी. एकातून मूठभर भुरभुरीत काजळी पडायची, आणि दुसऱ्याच्या आत काळा, चकचकीत, डांबरासारखा थर. खरवडता खरवडता हात मोडायचे.

"असं का, मामंजी?"

"लाकूड ओलं जाळतात ते."

"ओल्यानं असं का होतं?"

"होतं बाई! मी चाळीस वर्षं बघतोय."

एवढ्यानं तिचं समाधान होईना. तिनं नुकताच तोडलेला एक ओंडका आणला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला, वजन खडूनं शेडच्या भिंतीवर लिहिलं. चार किलो. मग दर महिन्याला तोच ओंडका, तोच काटा. आम्ही तिला वेड्यात काढलं. दादा म्हणायचा, "बाळ चांगलं वाळतंय ना?" वर्षानं ओंडका दोन किलो सहाशेवर आला आणि तिथेच थांबला. वहिनीनं बाबांना शेडमध्ये नेऊन आकडे दाखवले. "बघा, जवळजवळ दीड लिटर पाणी. आधी ते पाणी उकळण्यातच विस्तवाची शक्ती जाते, ज्वाला मंदावते, धूर थंड होतो आणि जाता जाता धुराड्यालाच चिकटतो. तो थर पेटला तर अख्खं धुराडं आतून भडकेल." बाबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि भिंतीवरचे आकडे पुन्हा वाचले. त्या दिवसापासून गिऱ्हाइकांना वर्षभर लाकूड वाळवायला सांगताना ते म्हणायचे, "आमच्या सूनबाईनं तोलून बघितलंय."

पण मला सांगायची आहे ती गोष्ट पोस्टमास्तरांच्या घरातली.

पोस्टमास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. नवराबायको दोघंच राहायचे, टेकडीच्या उताराला, जुन्या दगडी घरात. माणूस शिस्तीचा. राख कधी प्लास्टिकच्या बादलीत भरणार नाही. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून अंगणात फरशीवर चार दिवस ठेवणार, कारण राखेच्या पोटात निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो हे त्यांना ठाऊक. फायरप्लेससमोर जाळी, हाताशी वाळूची बादली, लाकडाची थप्पी घराच्या भिंतीपासून लांब. वहिनी म्हणायची, सगळी गिऱ्हाइकं अशी असती तर मला कामच उरलं नसतं.

एका हिवाळ्यात त्यांचा फोन आला. आवाज जरा अवघडलेला.

"तुम्ही दोन महिन्यांपूर्वीच धुराडं साफ करून गेलात. तक्रार नाही. पण दर रविवारी माझं डोकं भणभणतं. हिला मळमळतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चष्म्याचा नंबर बदलून झाला. धुराड्याचा काही संबंध असेल का?"

"रविवारीच?"

"रविवारीच."

वहिनी मंगळवारी गेली. धूर वर सोडणारी झडप पूर्ण उघडी होती, धुराडं स्वच्छ, वरच्या टोपीत पक्ष्याचं घरटं नाही. लाकूड खडखडीत वाळलेलं. विस्तव पेटवला तर धूर सरळ वर. तासभर बसली, चहा प्याली, कुणाचं डोकं दुखलं नाही. घरी येऊन जेवता जेवता मध्येच थांबली आणि म्हणाली, "विस्तवाला वार कसा कळतो?"

बाबा म्हणाले, "म्हातारपणात कंटाळ्यानं दुखत असेल डोकं."

"मग सोमवारी दुखायला हवं. रविवारी तर लेक येते त्यांची."

बुधवारी ती पुन्हा गेली, या वेळी नुसते प्रश्न घेऊन. रविवारी काय वेगळं होतं? सकाळी आठला फायरप्लेस पेटते, ती रोजच पेटते. अकराला लेक-जावई येतात. लेक आईला कशाला हात लावू देत नाही, सगळा स्वयंपाक स्वतः करते. दोनला जेवणं. आणि जेवताना आईचं काहीतरी बिनसतं. बोलता बोलता शब्द सापडत नाही. एकदा जावयाला स्वतःच्या धाकट्या भावाच्या नावानं हाक मारली. एकदा पाण्याचा तांब्या कपाटात ठेवून आली. लेक हे दर आठवड्याला बघत होती. आई-वडिलांना आता असं एकटं ठेवायचं नाही, घर विकून शहरात आपल्याजवळ न्यायचं, हे तिनं जवळजवळ ठरवलं होतं.

हे सांगताना पोस्टमास्तरीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "मलाही वाटतं, मी चालले आता," त्या हळूच म्हणाल्या. "कुठे काय ठेवलंय त्याच्या चिठ्ठ्या लिहून ठेवते. पण गंमत सांगू? सोमवारी मला त्यांची गरजच पडत नाही."

वहिनीनं कान टवकारले. तिनं खिडकीकडे पाहिलं. दुहेरी काचेची, रबरी कडांची, कोरी करकरीत.

"या नव्या?"

"जावयांनी उन्हाळ्यात बसवून दिल्या. जुन्यांच्या फटींतून वारा शीळ घालायचा."

"आणि स्वयंपाकघरात?"

"तिथला मोठा पंखाही त्यांनीच बसवला, धूर-वास ओढणारा. मी नाही लावत. विमान उडाल्यासारखा आवाज करतो. लेक लावते."

वहिनी म्हणाली, "मी रविवारी येते. जेवायला नव्हे, बघायला."

त्या रविवारी मीही तिच्याबरोबर गेले, कारण चार दिवस घरात दुसरा विषयच नव्हता. तिनं शिवणाच्या डब्यातून रेशमी कापडाची बोटभर रुंद, झिरझिरीत पट्टी नेली होती. ती तिनं फायरप्लेसच्या तोंडाशी, वरच्या कडेला तारेनं टांगली. सकाळचा विस्तव उतरला होता, ज्वाला संपून लाल निखारे उरले होते. धुराचा मागमूस नाही. पट्टी आत, धुराड्याकडे झुकलेली.

"बघा, हवा आत चाललीय. असंच हवं," वहिनी म्हणाली. मग स्वयंपाकघराकडे वळून ओरडली, "आता लावा पंखा!"

लेकीनं बटण दाबलं. घरघर सुरू झाली. पट्टी जरा थरथरली, सरळ लोंबकळली, आणि मग आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू उलटी वळली. खोलीकडे. आमच्याकडे.

 वहिनीनं लगेच पंखा बंद करायला लावला, सगळ्या खिडक्या-दारं उघडली आणि आम्हाला अंगणात काढलं. जावई म्हणाले, "पण धूर तर कुठेच नाही! वासही नाही."

"म्हणूनच तर वाईट," वहिनी म्हणाली. "निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. पंखा घरातली हवा बाहेर फेकतो. तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी ना? पूर्वी ती फटींतून यायची. आता खिडक्या गच्च. उरला एकच रस्ता, धुराडं. मोठ्या ज्वाला असतात तोवर धुराड्याची ओढ जोरात असते, पंख्याला जुमानत नाही. निखारे उरले की ओढ मंदावते आणि पंखा जिंकतो."

जावयांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी... मीच?"

"तुम्ही खिडकी चांगलीच लावलीत, पंखाही चांगलाच लावलात. धुराडं मीही चांगलंच झाडलं. प्रत्येकानं आपापलं बघितलं, अख्खं घर कुणीच बघितलं नाही." मग ती म्हणाली, "माझं जास्त चुकलं. थंडीच्या तोंडावर मी इथे आले होते. नव्या खिडक्या मला दिसल्या होत्या. छान आहेत म्हटलं आणि घरी गेले."

लेक अंगणातल्या पायरीवर बसून रडत होती. ती आईला फक्त रविवारीच बघत होती, आणि आई फक्त रविवारीच विसरत होती.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन दोघांचा रविवारचा त्रास नव्यानं सांगितला, त्यांनीही तेच निदान केलं. बाबांनी खुर्चीत बसून दुसऱ्या गवंड्याकडून फायरप्लेसच्या बाजूला बाहेरची हवा आत घेणारा झरोका पाडून घेतला. त्यानंतर पंखा चालू असतानाही पट्टी धुराड्याकडेच झुकते का, हे वहिनीनं दोनदा तपासलं. शिवाय भिंतीवर वायू ओळखून कोकलणारं यंत्र लागलं, आणि स्वयंपाक करताना खिडकी वीतभर उघडी ठेवायची असा नियम झाला. घर विकायचं बोलणं पुन्हा निघालं नाही.

महिन्याभरानं वहिनी बघायला गेली तेव्हा पोस्टमास्तरीणबाई त्या सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून फायरप्लेससमोर उभ्या होत्या. "आज यांचा सोक्षमोक्ष!"

"अहो, थांबा थांबा!" वहिनीनं त्यांचा हात धरला. "हलका कागद पेटता पेटता वर उडतो, धुराड्यातून छपरावर पडतो. कचऱ्यात टाका."

"तुम्ही बाई माणसाला धड सूडही घेऊ देत नाही," असं म्हणत त्यांनी चिठ्ठ्या टराटरा फाडून केराच्या डब्यात टाकल्या.

त्या हिवाळ्यात वहिनी आमच्या एकेचाळीस गिऱ्हाइकांकडे पुन्हा गेली, कुणी बोलावलेलं नसताना. एका गृहस्थांनी दारातच सुनावलं, "बाई, तुम्ही धुराडं झाडा, घर आमचं आम्ही बघू." ती त्यांच्या पायरीवर बसून राहिली. अर्ध्या तासानं त्यांच्या बायकोनं दार उघडून तिला आत घेतलं. एकेचाळिसांपैकी तीन घरांत पट्टी उलटी वळली. त्यांतलं एक त्या गृहस्थांचंच होतं.

आता ती बासष्टची आहे. घरात शिरली की आधी खिडक्या बघते, मग पंखे मोजते, मग विचारते, "गेल्या वेळेपासून काय काय नवीन घेतलंत?" लोकांना वाटतं, बाई चौकशा फार करते. परवा एकीनं कौतुकानं कपडे वाळवायचं नवं मशीन दाखवलं. वहिनी ते मशीन भिंतीपासून पुढे ओढून, घरातली हवा बाहेर फेकणारी त्याची नळी कुठे जाते ते बघत, फरशीवर पालथी पडली होती.