फोटो हातात द्यायचा

प्रमिलावहिनी गेल्याचा फोन भिलाईहून आला, तेव्हा मला सगळ्यात आधी आठवलं ते आमचं भांडण. आदल्याच आठवड्यात मी तिला फोनवर सांगत होते की इथे नागपुरात फोटोंचं मोठं प्रदर्शन लागलंय, विणकरांचे फोटो आहेत, फार सुंदर आहेत. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते इनकर आले होते का पाहाले?" माझं डोकंच फिरलं. ऐंशी पार केलेल्या बाईनं प्रत्येक प्रदर्शनाबद्दल जन्मभर हा एकच प्रश्न विचारायचा म्हणजे काय! "वहिनी, तू आधी फोटो तर पाहा," असं म्हणून मी फोन ठेवला... आणि ठेवला तो ठेवलाच. आता पलीकडून दादा सांगत होता, "सकाळी चहा घेतला, अन् बसल्या बसल्या गेली. तू येशील तवा येजो. घाई करू नको. आता कायची घाई?" त्याचा आवाज अगदी रोजचा होता. त्याला अजून काही समजलेलंच नाही, असं मला वाटलं.

वहिनीला जाऊन आता पाच-सहा आठवडे झाले. लोक विचारतात, तुमची वहिनी फोटोग्राफर होती ना? काय उत्तर द्यावं कळत नाही. तिचा फोटो कुठल्या मोठ्या प्रदर्शनात लागला नाही, कुठे छापून आला नाही. पण फोटो बघावा कसा, हे मला तिनंच शिकवलं, आणि शिकवताना माझ्याशी कडाकडा भांडलीही.

भिलाईत रशियाच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. दादा नागपूरकडच्या आमच्या गावातून तिथे नोकरीला गेला, मागोमाग वहिनी गेली, आणि मला तिथल्या शाळेत मास्तरीण म्हणून काम मिळालं तशी मीही त्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. वहिनी माझ्याच वयाची, त्यामुळे नणंद-भावजयीपेक्षा मैत्रिणीच जास्त. सेक्टरातली झाडं कमरेएवढी होती आणि धूळ डोक्यापर्यंत. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी लाल. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्या बाजूला आमच्या गेलेल्या बाबांचा हार घातलेला फोटो. बाकी भिंत कोरी. जिवंत माणसाचा फोटो भिंतीला टांगू नये, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. ते माहीतच होतं.

फोटोग्राफी शिकायची हौस खरं तर दादाची. क्लबात संध्याकाळी घोषबाबू नावाचे एक वयस्क बंगाली गृहस्थ वर्ग घेत. दादानं नाव घातलं, आणि नेमकी त्याची कामाची पाळी बदलली. "तू जाऊन बस, काय शिकोते ते मले येऊन सांग," असं त्यानं वहिनीला सांगितलं. ती गेली, आणि घरी येऊन त्याला शिकवू लागली. पाळी परत बदलली तेव्हा वर्गात कोणी जायचं हा प्रश्नच उरला नव्हता. सगळ्या बाप्यांत ही एकटी बाई, डोक्यावर पदर, पुढच्या बाकावर. मायदेशी परत निघालेल्या एका रशियन बाईनं कॅमेरा विकायला काढला, तो दादानंच आणून दिला. पुढे न्हाणीच्या खिडकीला गोधडी लावून वहिनी आत फोटो धुवायची, आणि आम्ही बाहेर हात-पाय धुवायला ताटकळत उभे.

पण तिची खरी गंमत प्रदर्शनात. क्लबात अधूनमधून फोटो लागत, आणि नागपूरच्या एका हॉलमध्ये काही लागलं की घोषबाबू वर्गाला घेऊन जात, मी शेपटासारखी मागे. लोक हात मागे बांधून, मान हलवत हलवत पुढे सरकत. वहिनी एकेका फोटोसमोर बाजारात वांगी निवडल्यासारखी उभी राहायची. दिल्लीच्या कोणा नावाजलेल्या माणसानं आमच्याच कारखान्याचे फोटो काढले होते, ते पाहून सगळे भारावले होते. भट्टीचे फोटो पाहून वहिनी म्हणाली, "हा मानूस जवळ गेलाच नाई. दुरूनच भ्याला." पुढे डोक्यावर टोपलं घेतलेल्या, दात दाखवून हसणाऱ्या रेजाचा, बांधकामावरच्या मजूर बाईचा, फोटो होता. मला तो फार आवडला. परतीच्या गाडीत तिनं माझा आनंद पार धुऊन काढला. "टोपलं डोक्श्यावर असल्यावर कोनी असं हासते का वं? त्यानं हास म्हटलं असन, तवा ती हासली. साहेबाले नाई कोन म्हनन?" समोर बसलेले घोषबाबू खिडकीबाहेर बघून हसत होते.

ती नेहमीच बरोबर असायची असं मुळीच नाही. रशियन लोकांनी आपल्या गावाकडच्या बर्फाचे फोटो क्लबात लावले होते, त्यांच्यासमोरून ती झपाझप निघून गेली. "यात काई हायेच नाई. निरा पांढरं." मी म्हटलं, बघ तरी थांबून, पण ऐकेल ती वहिनी कसली! मग काही दिवसांनी, वैशाखातल्या भर दुपारी, आम्ही दोघी सुपेल्याच्या बाजारातून पिशव्या घेऊन येत होतो. समोरचा रस्ता, मैदान, नवी क्वार्टरं, सगळं उन्हानं पांढरं होऊन गेलं होतं. वहिनी मधेच थांबली. "शकुन, तो बरफाचा फोटो... आपल्या इथं बी असंच तर दिसते. काईच दिसत नाई." पिशव्या माझ्याकडे देऊन ती तशीच क्लबाकडे गेली. तोवर फोटो उतरवले होते. त्या बर्फाचं तिला पुढे कितीतरी वर्षं वाईट वाटायचं.

तिचा स्वतःचा सगळ्यात चांगला फोटो बुधरामचा. हा बुधराम जवळच्याच एका खेड्यातला, कारखान्याच्या बांधकामावर उंच चढून काम करणाऱ्या टोळीत होता. पाळी सुटल्यावर गेटाबाहेरच्या टपरीवर तो चहा पीत होता, आणि बशी तोंडाशी नेता नेता त्यानं वर पाहिलं, दिवसभर जिथे काम केलं तिकडे. तेवढंच. पण चेहरा असा आला होता की घोषबाबूंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. क्लबाच्या प्रदर्शनात तो मोठा करून, काळ्या चौकटीत लावला. पहिल्या नंबराचा फोटो नागपूरच्या हॉलमध्ये जाणार होता, आणि तिथे तो लागला की तिला पुढे शिकायला पाठवायची खटपट करतो, असा शब्द घोषबाबूंनी दिला होता. दादाही तयार होता. वहिनी त्या दिवसांत जमिनीवर चालत नव्हती.

पहिला नंबर तिचाच आला. टाळ्या झाल्या, भाषणं झाली. प्रमुख पाहुण्यांना घातलेला झेंडूचा हार टेबलावर पडून होता, तो क्लबाच्या सेक्रेटरीनं मोठ्या कौतुकानं उचलला आणि पहिल्या नंबराच्या फोटोला घातला. आम्हाला कोणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. वहिनी भोवतालच्या लोकांना नमस्कार करत होती. तेवढ्यात दाराशी एक बाई आली, कडेवर पोर, पाय धुळीनं भरलेले. बुधरामची बायको, सोनबती. आपला फोटो लागलाय हे बुधरामला वहिनीनं सांगितलं होतं, पण त्या लाजाळू माणसानं बायकोला एवढंच म्हटलं होतं की क्लबात जा, बघण्यासारखं काही आहे. आणि ती बघत होती: भिंतीवर आपला नवरा, चौकटीत, हार घातलेला.

"मोर घरवाला ला का होगे?" एवढंच ती म्हणाली, आधी अगदी हळू. मग जी किंकाळी तिनं फोडली ती मी आजही ऐकते... ती खाली बसली, कपाळ फरशीवर आपटू लागली. माझ्या माणसाला काय झालं, मला कोणीच कसं सांगितलं नाही, असं पुन्हा पुन्हा ओरडत होती. कोणी पाणी आणा म्हणे, कोणी हिंदीत समजावत होतं की अहो, हा सन्मान आहे. तिला ते कसं पटावं? माणूस उंचावर काम करतो, ती रोज धाकात दिवस काढते, आणि आज हार दिसतो. वहिनीनं गर्दी बाजूला सारली, हार ओढून टाकला, फोटो खिळ्यावरून उतरवून काखेत मारला आणि सोनबतीचा हात धरला. "चाल. गेटावर चाल. तुह्या डोयानं पाय."

सायकलरिक्षात आम्ही तिघी आणि ते पोर. सोनबती आता रडतही नव्हती. गेटावर पोचलो तेव्हा पाळी सुटायची होती. वहिनीनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तो असन ना वं शकुन?" मी तिच्याकडे पाहिलं तर तिचा चेहरा पांढराफटक. ज्या माणसाला तिनं आदल्याच दिवशी धडधाकट पाहिलं होतं, त्याच्याबद्दल आता तिलाच खात्री वाटेना. भोंगा वाजला. माणसं बाहेर येऊ लागली, पायी, सायकलींवर, सगळ्यांचे चेहरे धुळीनं एकसारखे. सोनबती एकेक चेहरा बघत होती आणि सोडून देत होती. गर्दी विरळ झाली. आणि मग तो आला, डबा हलवत, कोणाशी तरी बोलत. सोनबतीनं पोर माझ्या अंगावर टाकलं, धावत गेली आणि दोन्ही मुठींनी त्याला असं बडवलं की बघणारे मागे सरले. मग त्याचेच पाय धरून खाली बसली. तो बिचारा गोंधळून म्हणत होता, "तोला देखाय बर त पठोए रहेंव!" तुला दाखवायलाच तर पाठवलं होतं. वहिनीनं पुढे होऊन फोटो सोनबतीच्या हातात दिला. तिनं पदरानं काच पुसली, फोटो पाहिला, त्याच्याकडे पाहिलं, परत फोटो पाहिला. आणि हसली. ते हसू कोणी सांगून आलेलं नव्हतं.

फोटो तिच्याकडेच राहिला. नागपूरला पाठवायला दुसरा करणं वहिनीला सहज जमलं असतं, निगेटिव्ह घरातच होती. पण ती आधी सोनबतीच्या झोपडीत विचारायला गेली. सोनबतीनं चहा दिला, आणि म्हणाली, "येला झन टांगहू, दीदी. हाथ मा रथे त जीयत लागथे." टांगू नका, हातात असला की जिवंत वाटतो. झालं. घोषबाबू चिडले, "बहू, तस्वीर दीवार के लिए होती है, हाथ में तो चिट्ठी होती है," म्हणाले. त्यांच्याहून जास्त मी चिडले. एका अडाणी बाईच्या भीतीपायी तू तुझ्या शिक्षणावर पाणी सोडतेस, म्हणून मी तिला वाट्टेल ते बोलले. "भीती अडानी रायते का वं?" ती म्हणाली. "इचारलं मीच. तिनं नाई म्हटलं. आयकाचंच नसन तं इचाराचं कायले?" दुसरा कुठला फोटो त्या तोडीचा नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं. दुपारी भांडी घासता घासता ती रडली, राखेच्याच हातानं डोळे पुसले, आणि म्हणाली, "मले तो नागपूरचा हॉल लय आवडते, शकुन." मला तिची तेव्हा फार दया आली, आणि रागही तेवढाच आला. खरं सांगते, तो राग अजून पुरता गेलेला नाही. तो फोटो त्या हॉलमध्ये लागायला हवा होता.

वर्ग तिनं सोडला नाही, फोटो काढणंही नाही. घोषबाबूंचा राग ओसरला, आणि ते तिच्या घरच्या चहाला येऊ लागले. रविवारी ती सतरंजी अंथरायची, लोक यायचे, आणि फोटो हातोहात फिरायचे. ज्याचा फोटो, त्याच्या हाती तो शेवटी पोचायचा आणि त्याच्याच घरी जायचा. नागपूरला मात्र ती जात राहिली. एकदा हॉलमध्ये एक नामवंत फोटोग्राफर स्वतः हजर होते, भोवती कौतुक करणाऱ्यांचा गराडा. वहिनीनं त्यातून वाट काढली आणि एका म्हातारीच्या फोटोकडे बोट दाखवून तिचा नेहमीचा प्रश्न विचारला, "यायनं पायला का जी हा?" ते छानसं हसले आणि दुसऱ्या कोणाशी बोलू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनी म्हणाली, "फोटो चांगला हाये पन." हेही खरं की चांगल्याला ती चांगलंच म्हणायची.

आता ती नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तिच्या मुलानं, अशोकनं, तिचा एक फोटो मोठा करून चौकटीत बसवून आणला. हातोडी-खिळा घेऊन तो स्टुलावर चढला तसा दादा खुर्चीतून म्हणाला, "भिताडाले नको. मले दे." कोणी वाद घातला नाही. भंतेजींचं पठण होईपर्यंत त्यानं तो मांडीवर धरला होता, लोक फुलं त्याच्याच ओंजळीत देत होते. नंतर त्यानं फोटो शेजारच्याला दिला, शेजारच्यानं पुढे. खोलीभर तो फिरून आला तेव्हा काचेवर सगळ्यांचे अंगठे उमटले होते.

परवा मी पुन्हा भिलाईला जाऊन आले. फोटो दादाच्या खाटेवर उशीजवळ असतो. मी बसले, आणि चहाच्या आधी त्यानं तो माझ्या हातात दिला. मी फोटो भिंतीवरच शोभतो म्हणणारी, पण दोन्ही हातांनी घेतला. पदर डोक्यावर, कपाळाला आठी, समोर बहुतेक कोणाचा तरी न आवडलेला फोटो असावा. बराच वेळ पाहिलं... आणि मग पाहून झाल्यावर पुढच्या माणसाला द्यावा म्हणून सवयीनं हात लांब केला. पुढे कोणी नव्हतं. दादालाच परत दिला.