न जळलेल्या केळीचा वाटा

तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात खुशालराव बोचे तीस वर्षांपासून केळी पिकवत होते. फणीवर साधा ओरखडा दिसला तरी ती बाजूला काढायचे. त्यांचा माल व्यापारी उघडूनही बघत नसत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चार शेजाऱ्यांना सोबत घेतलं आणि पाच जणांच्या केळीचा एक कंटेनर आखातात पाठवला. आजवर माल व्यापाऱ्याच्या नावानं जायचा. या वेळी कागदांवर खुशालरावांचं नाव होतं. विमा तेवढा राहून गेला. आठ दिवसांचा तर प्रवास, असं दलाल म्हणाला होता.

पाचव्या दिवशी जहाजाच्या पोटात आग लागली. ती विझवायला कप्तानानं खालच्या कोठारात, कापडाच्या गाठींवर समुद्राचं पाणी सोडलं. जहाज वाचलं. वरच्या थरातल्या केळीला काही झालं नाही, हे कळल्यावर खुशालरावांनी मारुतीला नारळ फोडला.

मग जहाज कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. त्यांची मुलगी प्रतीक्षा अकोल्याहून आली आणि तिनं ते वाचून सांगितलं. सगळं जहाज वाचवण्यासाठी ज्यांचा माल मुद्दाम भिजवला, त्यांचं नुकसान जहाजमालकानं आणि ज्यांचा माल वाचला त्यांनी मिळून सोसायचं, असा समुद्राचा जुना कायदा. मालाच्या किमतीचा तिसरा हिस्सा अनामत भरल्याशिवाय कंटेनर सुटणार नव्हता.

खुशालरावांनी पत्र हातात घेतलं. मग त्यांनी विचारलं, "मानूस गेला का कोनी?"

पत्रात एक ओळ होती. आग विझवताना एक खलाशी गेला होता.

"त्याचा वाटा कोनावर?"

"हे पत्र फक्त मालाचं आहे, बाबा," प्रतीक्षा म्हणाली.

संध्याकाळी त्यांनी चौघांना बोलावलं. तिघांचं म्हणणं एकच होतं: आपला माल जळला नाही, भिजला नाही, मग भरायचं कशाचं? खुशालरावांनी समजावून पाहिलं. "आपली केळी वाचावी म्हनून कोनाचं तरी कापड भिजवलं ना," ते म्हणाले. त्यावर एक जण शांतपणे बोलला, "कागदावर तुमचं नाव हाये, भाऊ." तिघं उठून गेले. चौथ्या पार्बताबाई, त्याही त्यांच्यामागून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आपला वाटा रुमालात बांधून घेऊन आल्या. एकट्या बाईचं अर्ध्या एकराचं रान. खुशालराव घेईनात.

"माही केळी नोती काय त्या डब्यात?" त्या म्हणाल्या. "आज घेत नसान, त मंग पुढं कंदी मले सोबत बोलावू नोका."

खुशालरावांनी घेतलं. तिघांचा वाटा त्यांनी स्वतःच्या ठेवीतून भरला. पण बँक, दलाल आणि बंदर यांच्यात कागद फिरेपर्यंत सतरा दिवस गेले. कंटेनर उघडला तेव्हा केळी पिवळी होऊन काळवंडू लागली होती. तिथल्या खरेदीदारानं ती नाकारली आणि बंदरानं पुरून टाकली. अनामतीचा हिशोब लागायला वर्षं जातील, असं दलालानं फोनवर सांगितलं.

तिघं अजून समोरासमोर आले की खुशालरावांना रामराम घालतात, तेही घालतात. खुशालरावांची केळी आता गावात येणाऱ्या व्यापाऱ्याच्या गाडीत जाते. पार्बताबाईंनी यंदा केळी काढून त्या रानात कपाशी लावली. लावण्याआधी त्यांनी खुशालरावांना विचारलं होतं. ते एवढंच म्हणाले, "लावा."