कमरपट्ट्यातलं शिसं

नवरा बुडू नये म्हणून मी त्याच्या कमरपट्ट्यातलं शिसं चोरलं होतं. चोरी झकास जमली, अक्कल तेवढी कमी पडली.

परवा नातवाने पाण्याखाली पोहायचा रबरी सूट गॅलरीत वाळत घातला आणि त्या उग्र वासाने मी ऐंशीच्या दशकातल्या आमच्या वर्सोव्याच्या खोलीत जाऊन पडले. हे तेव्हा एका कंत्राटदाराकडे पाणबुडे होते. समुद्र रोजचाच, या खेपेला हिमाचलातल्या धरणाच्या गार पाण्यात उतरायचं होतं. जमिनीवर बसून ते पट्ट्याच्या खिशांत शिशाच्या वड्या भरत होते.

"थंडीचा सूट जाड असतो गं, तो माणसाला वर ढकलतो. म्हणून वजन जास्त."

मी कोळ्याची पोर. शिसं बांधलं की जाळं तळाला जातं, एवढंच माझं शास्त्र. हे आंघोळीला गेल्यावर मी दोन वड्या काढल्या, जागी चिंध्या कोंबल्या आणि खिसे शिवून टाकले. मोठी शहाणी! तेव्हा मी त्याला प्रेम म्हणायचे. आता आगाऊपणा म्हणते.

धरणातून वर येताना पाण्याचा दाब कमी होत गेला तसा सूट फुगला, वजन पुरेना, आणि हे बुचासारखे वर फेकले गेले. इतक्या झटक्यात वर आल्याने रक्तात हवेचे बुडबुडे झाले, गुडघे कायमचे गेले, काम सुटलं. काठी टेकत घरी आले तेव्हा मी रडत सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं? आता मी कधीच बुडणार नाही."