कोंडीबाचा दोर वाढला

मला लिहायची सवय नाही. पण कोंडीबाला ओळखणारे आता आमच्या साखऱ्यात फारसे उरले नाहीत, म्हणून जमेल तसं लिहितो.

कोंडीबा अंबाडीचे दोर वळायचा. अंबाडीची भाजी सगळेच खातात. तो तिच्या काड्यांच्या पेंढ्या ओढ्यात दगडांखाली कुजवायचा आणि त्यांचा वाख, म्हणजे सालीचे धागे, सोलून काढायचा. बैलांचे कासरे, पाळण्याच्या दोऱ्या, मोटेचे नाडे, सगळं त्याच्या हातचं. त्याच्या घरात 'दोर तुटला' असं म्हणत नसत. बांगडी फुटली की बाया 'वाढली' म्हणतात, तसं तिथे 'दोर वाढला' म्हणायचे. लेकरांनी चुकून तो दुसरा शब्द काढला, तर त्याची बायको भागूबाई त्यांच्या तोंडावर हात ठेवायची.

बहात्तरच्या दुष्काळात ओढा आटला. अंबाडी गुडघ्याएवढीच झाली आणि ती कुजवायला पाणी नव्हतं. तशात जमीनदार अमृतरावांनी विहीर खोल करायला काढली. माणसं उतरवायला जाड दोर हवा होता.

"वाख कच्चा राहिला मालक," कोंडीबा म्हणाला. "भरवसा न्हाई."

"मग पहिला तूच बस. रीतच हाये ना तुमची?"

रीत होतीच. नव्या दोरावर पहिलं वजन वळणाऱ्याचं. नाही म्हटलं, तर पुढे त्याच्याकडून साधा कासराही कुणी घेतला नसता.

दोराला बांधलेल्या फळीवर बसताना त्याचे ओठ कोरडे पडले होते.

"पानी लागलं तर आमाला बी सांग," कुणीतरी म्हणालं. तो हसला नाही.

दोर धरणाऱ्यांत पुढे कुरुंद्याहून मजुरीला आलेला नरसिंग, त्याच्यामागे आम्ही. चाकावरून दोर सरकताना करकर वाजत होता. निम्म्यावर गेल्यावर काहीतरी कट्कन वाजलं. खालून कोंडीबाची हाक आली आणि विहिरीत घुमली.

"वाढवा म्हनून राहिला," नरसिंग म्हणाला आणि दोर सैल सोडू लागला.

कोंडीबा "वाढला" म्हणत होता.

भागूबाई काठावर उभी होती. तिनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"सोडू नका. तुटला म्हन्तेत ते. दोर तुटला."

आमचे हात जागीच आवळले. दोराच्या तीन पेडांपैकी एक उलगडून लोंबत होता. विहिरीजवळ बांधलेल्या बैलांचे कासरे सोडून, एकाला एक बांधून खाली टाकले. आदल्या सालचे, ओढ्यात चांगल्या मुरलेल्या वाखाचे ते कासरे त्यानंच वळलेले होते. ते कमरेला बांधून तो वर आला.

बराच वेळ तो मातीत बसून होता.

"मी बोलले जी तो शब्द," भागूबाई म्हणाली.

त्यानं मान हलवली.

"घरी नको बोलू," एवढंच म्हणाला.